वाळू-गोट्याचा पट्टा: खोदण्याआधी काय मोजायचं आणि खोदून झाल्यावर जमीन कशी परत द्यायची

नदीतून किंवा नदीकाठच्या मळईतून (पुराच्या मातीनं बनलेल्या सपाट जमिनीतून) वाळू-गोटा काढायचा परवाना मिळतो तेव्हा 'पर्यावरण व्यवस्थापन आराखडा' नावाची एक जाडजूड फाइल तयार होते. शेवटच्या प्रकरणात 'खड्डे भरून घेतले जातील व वृक्षारोपण करण्यात येईल' असं वाक्य असतं. इतर फायलींतही हेच वाक्य असतं, कारण ते एका फायलीतून दुसरीत चिकटवलेलं असतं. सल्लागाराच्या ऑफिसात नव्याने लागलेली मुलं, पहिल्यांदाच घाट (वाळू काढायला लिलावात मिळणारा नदीचा तुकडा) घेतलेले ठेकेदार, गावच्या हद्दीत पट्टा (खोदाईसाठी नेमून दिलेली जागा) निघालाय म्हणून कागद समजून घ्यायला बसलेले सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, अशांसाठी हे लिहितोय. काम मी खानदेश आणि अहिल्यानगरच्या नद्यांवर केलंय. उदाहरणं तिथलीच येतील.

आधी दोन-तीन शब्द. कागदावर सगळं 'गौण खनिज'. घाटावर बारीक ती वाळू, जाड ती रेती, मुठीएवढा किंवा त्याहून मोठा तो गोटा. मोजमाप ब्रासमध्ये: १०० घनफूट म्हणजे एक ब्रास, म्हणजे २.८३ घनमीटर. आराखडा घनमीटरमध्ये असतो, पावती ब्रासमध्ये फाटते आणि नव्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायची सवय लावून घ्या.

पहिलं काम: पट्टा नदीत आहे की काठावर, हे ठरवा

हा प्रश्न बाळबोध वाटतो, पण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

नदीच्या पात्रातला साठा पावसाळ्यात थोडाफार भरून येतो. काठावरच्या मळईखालचा गोट्याचा थर भरून येत नाही. नदी कधीकाळी तिथून वाहत होती, तेव्हा तो टाकून गेली. तो काढला की खड्डा कायमचा. म्हणून पात्रात प्रश्न असतो, वर्षाला किती काढलं तर नदी ते भरून काढेल? काठावर प्रश्न असतो, खड्ड्याचं पुढे काय करणार? एकाची उत्तरं दुसऱ्याला लावली की आराखडा फसतो, आणि फसलेल्या आराखड्यांत हाच घोटाळा मी सर्वांत जास्त पाहिलाय.

तिसरा एक प्रकार आहे, त्यात विनाकारण घाबरू नका. पुरानं शेतात वाळू आणून टाकली आणि शेतकऱ्याला ती काढून शेत मोकळं करायचंय. १५ जानेवारी २०१६ च्या केंद्राच्या अधिसूचनेत पर्यावरण मंजुरी न लागणाऱ्या कामांची यादी आहे, तीत हे काम येतं. कुंभारांनी हातानं काढलेली माती आणि गावतळ्यातला गाळ काढणंही त्याच यादीत आहे. मंजुरी नको म्हणजे तहसीलला न विचारता ट्रॅक्टर लावायचे, असं मात्र नाही. महसुलाची परवानगी वेगळी.

दुसरं काम: नदी पायी फिरा

पट्ट्याच्या वर एक किलोमीटर आणि खाली एक किलोमीटर, एप्रिल-मेमध्ये पाणी आटलेलं असताना. गाडीतून नाही. सोबत वही, फोन आणि गावातला एक म्हातारा माणूस.

सगळ्यात आधी विचारा, वर धरण कुठे आहे? धरणात पाणी थांबतं तशी वाळूही थांबते. गिरणेवर नांदगाव तालुक्यातलं धरण, गोदावरीवर पैठणचं जायकवाडी, भीमेवर उजनी: यांच्या खालच्या पात्राला वरून येणारी जाड वाळू जवळजवळ बंद झालेली आहे. खाली जे येतं ते मधल्या ओढ्या-नाल्यांचं. धरणातून सुटलेल्या पाण्यात गाळ नसतो, असं पाणी भुकेलं असतं. ते वाटेतला तळ आणि काठ खात जातं. अशा ठिकाणी 'दरवर्षी नैसर्गिकरीत्या भरून येते' हे वाक्य लिहिण्याआधी दहा वेळा विचार करा.

मग पात्राखाली काय आहे ते बघा. दख्खनच्या बहुतेक नद्यांत वाळूचा थर पातळ असतो, चार-सहा फुटांवर काळा पाषाण लागतो. तापी-पूर्णेच्या खोऱ्यात मात्र गाळाचा पट्टा शेकडो फूट खोल आहे. पातळ थराच्या नदीत तीन फूट काढले म्हणजे त्या पात्राचं पाणी धरून ठेवणारं भांडंच निम्मं केलं.

वहीत पुढच्या गोष्टी अंतरासकट लिहा: पूल, बंधारे, गावाच्या पाणीपुरवठ्याची जॅकवेल, काठच्या विहिरी, स्मशानभूमी, घाटावरची देवळं, जनावरं पाण्यावर उतरतात त्या वाटा, पात्रातल्या टरबूज-डांगराच्या वाड्या. वाड्या करणाऱ्या भोई-ढिवर कुटुंबांचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नसतं, त्यामुळे ती कुठल्याच आराखड्यात येत नाहीत. तुमच्या आराखड्यात आणा.

पक्षीही बघा. नदी सुरय, टिटवी, छोटा आर्ली हे उघड्या वाळूवर, गोट्यांतच अंडी घालतात आणि तेही उन्हाळ्यात, म्हणजे नेमके उत्खननाच्या हंगामात. अंडी गोट्यांच्या रंगाची असतात, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली की जागच्या जागी थांबा आणि खाली बघा. तेवढा तुकडा दोरी बांधून मे अखेरपर्यंत सोडून द्यायला ठेकेदाराचं फारसं काही जात नाही. उभ्या मातीच्या काठात वेडा राघू आणि खंड्याची बिळं असतात. काठ 'सारखा करून' देण्याच्या उत्साहात ती बुजतात.

जुन्या, घट्ट झालेल्या गोट्याच्या थरात आणखी एक गोष्ट सापडू शकते. प्रवरेच्या काठी नेवाशाला अशाच थरांतून अश्मयुगीन दगडी हत्यारं निघाली. १९५४ पासून हसमुख सांकळियांनी तिथे केलेल्या उत्खननामुळे नेवासं पुरातत्त्वाच्या नकाशावर आलं. गोदावरी खोऱ्यातल्या थरांत जुन्या प्राण्यांची हाडंही मिळालेली आहेत. सगळीकडे मिळतील असं नाही. पण दोन्ही बाजूंनी छिलके काढलेला बदामी आकाराचा दगड दिसला तर पोकलेन थांबवून फोटो काढा आणि कळवा, एवढं ऑपरेटरला सांगून ठेवा.

तिसरं काम: लेव्हल

या लेखातलं एकच काम नीट करणार असाल तर हे करा.

पट्टा संपतो तेव्हा भांडण होतं ते 'किती काढलं' आणि 'आधी कसं होतं' यावर. दोन्हींचं उत्तर एकाच गोष्टीत असतं: पात्राचे आडवे छेद. दर २५ किंवा ५० मीटरवर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत रेषा आखायची आणि तिच्यावर ठराविक अंतरानं जमिनीची उंची घ्यायची. पट्ट्याबाहेरही वर दोन-तीन आणि खाली दोन-तीन छेद घ्या, का ते पुढे येईल. डीजीपीएस (उपग्रहावरून अचूक जागा-उंची देणारं यंत्र), ड्रोन असेल तर उत्तम. नसेल तर साधं लेव्हल मशीन आणि स्टाफ (उंची वाचायची आखलेली काठी) पुरे. मात्र पाण्याखालचा तळ ड्रोनला दिसत नाही, तिथे स्टाफ घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरावंच लागतं.

हे छेद वर्षातून चार वेळा घ्यायचे, असं केंद्राच्या २०२० च्या वाळू उत्खनन देखरेख मार्गदर्शक सूचना सांगतात: एप्रिलमध्ये, पावसाळ्यासाठी काम बंद करताना, पावसाळा संपल्यावर आणि मार्चअखेर. बंद करतानाचा आणि पावसाळ्यानंतरचा, या दोन छेदांतला फरक म्हणजे नदीनं भरून दिलेला माल.

माझी पहिली चूक इथलीच. पहिल्या वर्षी सगळे छेद व्यवस्थित घेतले. संदर्भ म्हणून काठावरचा एक मोठा काळा दगड धरला, त्यावर ऑइलपेंटनं क्रॉस मारला, उंची १००.००० लिहिली. ऑक्टोबरमध्ये परत गेलो तर दगड नाही. जेसीबीवाल्यानं रॅम्प करताना तो उचलून भरावात टाकला होता. त्याची काहीच चूक नव्हती, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. माझ्याकडे पावसाळ्याआधीचे छेद होते, नंतरचे होते, पण दोघांना जोडणारा बिंदू नव्हता. दोन्ही वह्या रद्दी. तेव्हापासून मी टीबीएम (उंचीचा संदर्भबिंदू) तीन ठिकाणी घेतो: देवळाची पायरी, पुलाचा किंवा बंधाऱ्याचा पक्का कोपरा आणि स्वतः गाडलेला काँक्रीटचा खांब. तिन्हींचे फोटो स्टाफसकट.

आता आकडे कसे हलतात ते बघा. समजा पट्टा ४०० मीटर लांब, १०० मीटर रुंद, म्हणजे चार हेक्टर. एक मीटर खोलीनं काढायचं म्हटलं तर ४०,००० घनमीटर, साधारण १४,१३० ब्रास. घाट घेणाऱ्याच्या डोक्यात हा आकडा असतो. पावसाळ्यानंतर छेद घेतले आणि सरासरी ४० सेंटिमीटर भर आली असं निघालं, तर नदीनं दिले १६,००० घनमीटर. केंद्राच्या पद्धतीत साठ्यातला ६० टक्केच काढण्याजोगा धरतात. तोच हिशोब या भरीला लावला तर ९,६०० घनमीटर, ३,३९० ब्रास. म्हणजे १४ हजारांच्या जागी साडेतीन हजारांच्याही आत. हा आकडा लिलावाआधी कळला तर माणूस बोली विचारानं लावतो. नंतर कळला तर तो रात्रीचे ट्रॅक्टर लावतो.

बऱ्याच अहवालांत छेदांच्या जागी डेंडी-बोल्टनचं सूत्र वापरून गाळाचा आकडा काढलेला दिसतो. पाणलोटाचं क्षेत्र आणि वाहून जाणारं पाणी टाकलं की उत्तर मिळतं. हे सूत्र अमेरिकेतल्या जलाशयांत साठलेल्या गाळाच्या मोजणीवरून बसवलेलं आहे. अंदाज पडताळायला ठीक, पण तुमच्या गावच्या पात्रात जूनमध्ये काय होतं हे त्याला ठाऊक नाही.

छेदांसोबत विहिरी मोजा. दोन्ही काठांच्या पाच-सहा विहिरी निवडा, कठड्यावर एकाच ठिकाणी रंगाची खूण करा आणि तिथून टेप सोडून पाणी किती खाली आहे ते लिहा. मोटार सुरू व्हायच्या आत, सकाळी. मे आणि ऑक्टोबर, दोन्ही. 'आमच्या विहिरी तुमच्यामुळे आटल्या' ही तक्रार पुढे खरी निघो वा खोटी, तिचा निकाल या दोन पानांवरच लागतो.

चौथं काम: कागद

इथे थोडक्यात सांगतो, कारण नियम बदलत राहतात. राज्याचं वाळू धोरणच घ्या: २०२३ मध्ये सरकारी डेपोवरून ६०० रुपये ब्रास, २०२५ मध्ये पुन्हा लिलाव. काम सुरू करताना ताजा शासन निर्णय वाचा, गेल्या वर्षीच्या फायलीवर विसंबू नका.

पाया मात्र तोच आहे. १९५७ च्या खाण कायद्यानं गौण खनिजाचे नियम करायचा अधिकार राज्यांना दिला. आपल्याकडे २०१३ चे गौण खनिज नियम आणि १९६६ चा जमीन महसूल अधिनियम चालतो. या अधिनियमाच्या कलम ४८(७) खाली विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. २७ फेब्रुवारी २०१२ ला दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पाच हेक्टरच्या आतल्या पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं. तोवर 'पाचच्या आत' तुकडे पाडून सुटण्याची पद्धत होती. तुकड्यांवरचा दुसरा इलाज म्हणजे समूहाचा नियम: एका पट्ट्याच्या हद्दीपासून ५०० मीटरच्या आत दुसरा पट्टा असेल तर दोन्ही मिळून एक धरतात आणि एकूण क्षेत्र वाढलं की अभ्यास मोठा, जनसुनावणीही लागू शकते. शेजारच्या गावात, पलीकडच्या काठावर, कधी पलीकडच्या जिल्ह्यातही पट्टा आहे का, ते आधी विचारा.

क्रम असा: जिल्हा सर्वेक्षण अहवालात तुमचा घाट असला पाहिजे. हा अहवाल पाच वर्षांसाठी असतो. मग ग्रामसभेचा ठराव, संयुक्त पाहणी, मान्यताप्राप्त व्यक्तीनं केलेला खाणकाम आराखडा, परिवेश पोर्टलवरून राज्याच्या पर्यावरण आघात प्राधिकरणाकडे अर्ज, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, आणि वाहतुकीसाठी राज्याच्या महाखनिज या ऑनलाइन प्रणालीवरचे पास. पेसा गावांत (पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागातल्या गावांत) ग्रामसभेची शिफारस म्हणजे उपचार नाही, तिच्याशिवाय पट्टा देताच येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक गोष्ट पक्की केली: भर किती येते याचा अभ्यास नसलेला जिल्हा सर्वेक्षण अहवाल मंजुरीचा आधार होऊ शकत नाही. म्हणजे ज्या छेदांना आजवर 'सर्व्हेवाल्याचं खूळ' म्हणत होते, त्यांच्यावरच आता मंजुरी उभी आहे.

पाचवं काम: खोदाईचा क्रम

जमीन पूर्ववत करायचं काम पोकलेनच्या पहिल्या बकेटपासून सुरू होतं.

पात्रात खोल खड्डा का करायचा नाही, ते समजून घ्या म्हणजे नियम पाठ करावे लागणार नाहीत. पात्रात खड्डा पडला की वरून येणारं पाणी त्याच्या कडेवरून धबधब्यासारखं पडतं. कड कोसळते आणि वर सरकते. पुढच्या पुरात आणखी वर. पट्टा सोडून शे-दोनशे मीटर वरच्या पुलाचा पाया उघडा पडतो, आणि ठेकेदार म्हणतो, मी तर तिथे गेलोच नव्हतो. खड्डा आलेला गाळ धरून ठेवतो, त्यामुळे खालच्या बाजूला पुन्हा भुकेलं पाणी जातं आणि तिथला काठ खातं. पट्ट्याबाहेर छेद घ्यायचे ते यासाठी.

म्हणून गोट्याच्या उंचवट्यांवरून पातळ थर खरवडायचा, उन्हाळी धारेच्या पाण्याच्या पातळीच्या वर राहून. सूचनांमधली मर्यादा तीन मीटर आहे, पण ती छत आहे, लक्ष्य नव्हे. आपल्या पातळ थराच्या नद्यांत एक मीटरसुद्धा पुष्कळ. प्रत्येक काठापासून नदीच्या रुंदीचा चौथा भाग सोडायचा, निदान साडेसात मीटर. पुलाच्या वरच्या बाजूला गाळ्याच्या (दोन खांबांमधल्या अंतराच्या) पाचपट आणि किमान २५० मीटर, खालच्या बाजूला दहापट आणि किमान ५०० मीटर. उंचवट्याचं वरचं टोक शाबूत ठेवा, ते पुराची धार फोडतं. काम खालून वर न्यावं की वरून खाली यावर घाटोघाट मतं आहेत. मी रोजच्या रोज तळ सारखा करत जायला सांगतो, दिशा कोणतीही चालेल.

चाळणी पात्रात लावायची नाही. चाळून उरलेले मोठे गोटे ढीग करून टाकले की पुढच्या पुरात धार त्यांना वळसा घालून थेट काठावर जाते. ते गोटे जिथले तिथे पसरून द्या, तळाला तेच धरून ठेवतात. सक्शन पंप नाही. काम सकाळी ६ ते संध्याकाळी ६. १० जून ते ३० सप्टेंबर पूर्ण बंद, आणि ९ जूनला यंत्र बाहेर काढायला गेलात तर उशीर झालेला असतो. रॅम्प, रपटे, नळ्या टाकून केलेला तात्पुरता रस्ता हे सगळं मे अखेरीस उचला. रपटा राहिला की पहिल्याच पुरात पाणी त्याला बगल देऊन शेजारच्या शेतातून जातं.

काठावरच्या मळईत क्रम वेगळा. आधी वरची काळी माती काढायची, फूट-दीड फूट, आणि ती वेगळी ठेवायची. खालची पिवळट माती तिच्यात मिसळू द्यायची नाही. ढीग सहा फुटांच्या वर नको, आतली माती मरते. त्यावर ताग किंवा धैंचा पेरून टाका, पावसात ढीग वाहत नाही. या मातीची विक्री हा या धंद्यातला सर्वांत सोपा आणि सर्वांत महागात पडणारा व्यवहार आहे. ट्रॉलीला चार पैसे मिळतात, आणि शेवटी शेत परत करायचं तेव्हा हातात मुरूम असतो.

पात्राबाहेर खोदताना भूजलाच्या वर दोन मीटर राखायचे आणि नऊ मीटरच्या खाली जायचं नाही, असं २०२० च्या सूचना सांगतात. भूजल मेमधलं नव्हे, ऑक्टोबरमधलं धरा. नदी आणि खड्डा यांच्यातली पट्टी किती ठेवायची? गुगल अर्थवर जुनी चित्रं लावा, गेल्या वीस वर्षांत काठ किती सरकलाय ते मोजा. दहा मीटर सरकला असेल तर दहा मीटरची पट्टी म्हणजे वीस वर्षांची हमी नाही, एका मोठ्या पुराचं आमंत्रण आहे. पट्टी फुटली की नदी खड्ड्यात शिरते आणि जुनं पात्र सोडून खड्ड्यातूनच वाहू लागते. निळी पूररेषा (२५ वर्षांतून एकदा येणारा पूर) आणि लाल पूररेषा (१०० वर्षांतून एकदा) जलसंपदा विभागाच्या नकाशावरून आराखड्यावर उतरवून घ्या. साठ्याची जागा आणि डिझेलची टाकी निळ्या रेषेच्या आत नको.

सहावं काम: जमीन परत देणं

पात्रात हे सोपं आहे, कारण बरंचसं काम नदी करते. खड्डे, ढीग, चाकोऱ्या नसलेला सारखा तळ आणि मोकळी धार ठेवून बाहेर पडायचं. पात्रात झाडं लावायची नाहीत.

काठावरचं अवघड. 'खड्डा भरून देऊ' हे वाक्य आकड्यांत मांडून बघा. एक हेक्टरचा, तीन मीटर खोल खड्डा म्हणजे ३०,००० घनमीटर, १०,६०० ब्रास. हायवात पाच ब्रास धरले तर दोन हजार शंभरहून जास्त खेपा. एवढी माती आणणार कुठून आणि तिचे पैसे देणार कोण? उत्तर नसतं म्हणून खड्ड्यात शहरातला राडारोडा, राख, शेवटी कचरा येतो. गोट्याच्या थरातून पाणी झरझर फिरतं, त्या कचऱ्याचं पाणी मग थेट काठच्या विहिरींत. भरणीच्या मालाचा उगम लेखी नसेल तर खड्डा उघडा ठेवलेला परवडला.

त्याच खड्ड्याचा खरा हिशोब असा होतो. तीन मीटरमध्ये वरची एक मीटर माती (काळी आणि पिवळी मिळून) आणि खाली दोन मीटर गोटा होता, असं समजा. विकला गेला फक्त गोटा. माती तुमच्याकडेच आहे: १०,००० घनमीटर. ती तळावर परत पसरली की शेत मूळच्यापेक्षा दोन मीटर खाली जातं, पण शेत राहतं. ऑक्टोबरमधलं पाणी तळापासून खाली असेल तर पीक येतं. शेतकऱ्याला हे आधीच, खुंटी मारून, 'तुमचं शेत इथपर्यंत खाली जाणार' असं दाखवा. कागदावर 'पुनर्भरण' वाचून सही केलेला माणूस नंतर फसवल्यासारखा बघतो, आणि त्याचं बरोबर असतं.

माती पसरताना आधी पिवळी, मग काळी. हायवा-पोकलेन फिरून तळ फरशीसारखा दडपलेला असतो, तो सबसॉयलरनं (खोल जाणाऱ्या नांगरानं) फोडल्याशिवाय वर माती टाकू नका. नाहीतर पहिल्या पावसात पाणी साचतं आणि मुळं वीतभर खाली जाऊन आडवी होतात. भर थोडी फुगीर ठेवा, बसते. पहिल्या वर्षी धैंचा किंवा ताग गाडा, दुसऱ्या वर्षी हरभरा, तूर. ऊस लावायची घाई नको. जवळच्या तलावाचा गाळ निघणार असेल तर 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत चौकशी करा. वरचा थर सुधारायला तळ्यातल्या गाळासारखं दुसरं काही नाही.

खड्ड्यात पाणी लागलंच असेल तर त्याचं तळं करा, पण नीट. उभ्या कडा सोडायच्या नाहीत. एकास तीन उतार म्हणजे एक मीटर खाली जायला तीन मीटर आडवं, म्हणजे गुरं आणि पोरं चालत उतरतात आणि चालत वर येतात. वाळूच्या खड्ड्यात पोहायला गेलेली मुलं बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात, त्या खड्ड्यांच्या कडा बहुतेक उभ्याच असतात. काठालगत दोन-तीन मीटर रुंदीचा उथळ कट्टा ठेवा, लव्हाळं आपोआप येतं.

झाडांबाबत एकच सांगणं: नर्सरीत स्वस्त काय आहे ते लावू नका, नदीवर आधीपासून काय आहे ते बघा. पाण्याच्या कडेला वाळुंज, शेरणी, वाळा, थोडं वर करंज, उंबर, जांभूळ, बांधावर बांबू. वाळुंज आणि शेरणीच्या काड्या कापून ओल्या मातीत खोचल्या तरी लागतात. सुबाभूळ नको, गुलमोहर तर नकोच. बेशरम आणि वेडी बाभूळ न लावताच येतात, पहिली दोन वर्षं उपटत राहावी लागतात. '५०० झाडे लावली' याला अर्थ नाही. तिसऱ्या मेमध्ये किती जिवंत आहेत ते मोजा.

पैसे आणि नोंदी

जमीन परत करायचा खर्च शेवटच्या वर्षी उभा राहत नाही. तेव्हा माल संपलेला असतो आणि यंत्र दुसऱ्या घाटावर गेलेलं असतं. मी ठेकेदारांना दर ब्रासमागे ठराविक रक्कम पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात टाकायला सांगतो आणि खोदाईचे टप्पे पाडतो. मळईचे चार तुकडे करा. दुसरा उघडा तेव्हा पहिला भरायला घ्या, दुसऱ्याची माती थेट पहिल्यावर. माती दोनदा उचलावी लागत नाही, डिझेल वाचतं, आणि ठेकेदार पळाला तरी गावाच्या पदरी एकच तुकडा उघडा राहतो.

मंजुरीच्या अटी पाळल्याचा अहवाल वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. त्यात छेद, विहिरींचे आकडे आणि जिवंत झाडांची संख्या एवढं असलं तरी तो बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसेल. सगळ्याची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) पोच घेऊन द्या. टीबीएमचे फोटो आणि उंची त्यात पहिल्या पानावर. तुम्ही नोकरी सोडाल, ठेकेदार बदलेल, पण पाच वर्षांनी कोणी लेव्हल मशीन घेऊन आलं तर देवळाच्या पायरीपासून त्याला सुरुवात करता यायला हवी. आणि पायरीवर नवी फरशी बसवायचं ठरलं, तर ती किती जाड आहे ते पुजाऱ्याला विचारून वहीत टिपून ठेवा. माझ्या एका पट्ट्यावर ती २२ मिलिमीटर निघाली.